ओड की सोड

वाऱ्यावर माणसाने मिळवलेला खरा विजय म्हणजे त्याला कामाला लावणं नव्हे. वाटेल तेव्हा त्याला थांबवता येणं, हा खरा विजय. आमच्या बागायतीत हा विजय साडेतीन फुटांच्या एका लोखंडी दांड्याच्या रूपात उभा आहे, आणि बहुतेक दिवस त्याच्यावर माझा टॉवेल वाळत असतो.

दांडा पवनचक्कीच्या मनोऱ्याच्या एका पायाला, कमरेच्या उंचीवर बसवलेला आहे. त्याच्यापासून एक तार निघते आणि मनोऱ्याच्या मधून वर जाऊन चक्कीच्या शेपटीला मिळते. शेपूट म्हणजे ते पत्र्याचं मोठं पान, जे वाऱ्यात मागे राहतं आणि चाकाचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवतं. दांडा खाली ओढला की तार शेपटीला चाकाच्या अंगाशी मिटवते. मग चाक वाऱ्याला तोंड दाखवत नाही, पाठही दाखवत नाही, नुसती कड दाखवतं, आणि थांबतं. दांडा सोडला की स्प्रिंग शेपटीला पुन्हा सरळ करते आणि चाक वाऱ्यासमोर येऊन फिरू लागतं. ओढलेला दांडा खालीच राहावा म्हणून मनोऱ्याच्या पायाला एक आकडा आहे. एवढंच यंत्र. ज्याला दाराची कडी लावता येते त्याला ते चालवता येतं.

या यंत्राला आज्ञा दोनच लागतात: ओढ आणि सोड. आता आमच्या पेडण्याच्या बोलीत शब्दाच्या शेवटी आलेला ढ टिकत नाही. 'काढ'चं 'काड' होतं, 'वाढ'चं 'वाड' होतं, आणि 'ओढ'चं 'ओड'. मी सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात घालवली आणि त्यातली निदान दहा वर्षं या ढ च्या मागे लागलो. निवृत्त झालो तेव्हा वर्गातले ढ जागच्या जागी होते. बोलण्यातला मात्र परत आला नव्हता. तेव्हा आमच्या चक्कीपाशी आज्ञा आहेत ओड आणि सोड. एकमेकींच्या अगदी उलट, आणि दोघींत फरक फक्त एका 'स'चा. जमिनीवर तेवढा फरक पुरतो.

चक्की बाबांनी विहिरीचं पाणी उपसायला घेतली होती. मनोऱ्याला शिडी कुठल्या बाजूने लावायची, असं बसवणाऱ्यांनी विचारलं तेव्हा बाबांनी ती उत्तरेला लावायला सांगितली, कारण घर उत्तरेला आहे. वर चढलेला माणूस काम करतो की नुसता बसून विडी ओढतो, हे त्यांना ओसरीवरून बघायचं होतं. वाऱ्याचा विचार त्यांनी केला नाही.

वारा आमच्याकडे दिवसातून एकदा मत बदलतो. सकाळी तो पूर्वेकडून, डोंगराच्या बाजूने येतो आणि मवाळ असतो. बाराच्या सुमारास तो पडतो, आणि मग केरीच्या समुद्रावरून, पश्चिमेकडून येऊ लागतो. तेव्हा तो मवाळ नसतो. मिटलेलं चाक सकाळच्या वाऱ्यात मनोऱ्याच्या दक्षिणेला उभं राहतं. समुद्राचा वारा सुटला की चक्कीचं सगळं डोकं फिरतं आणि चाक उत्तरेला येतं, नेमकं शिडीवर. वरच्या चार पायऱ्या पात्यांच्या मागे जातात. त्यावेळी वर असलेला माणूस वरच राहतो.

हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं ते म्हणजे चक्कीचं तेलपाणी बघणारे मिस्त्री. मूळचे डिचोलीकडचे, खाणीवर फिटर होते. खाणी बंद झाल्यावर सासुरवाडीच्या गावात, म्हणजे आमच्या गावात, येऊन राहिले. वय साठीच्या पुढे, अंगावर मांस नाही, शिडी चढताना पायांचा आवाज नाही. वर जायचं तर ते सकाळी सात वाजता जात आणि नऊच्या आत खाली येत. चढण्यापूर्वी सदरा काढून मनोऱ्याच्या पायाला अडकवत, कारण सैल कापड आणि फिरतं चाक यांचं पटत नाही.

त्या वर्षी माघात गावच्या बागायतदार मंडळाने ठरवलं की चक्कीला पंचवीस वर्षं झाली, तिचा सत्कार करायचा. गावात सत्कार करण्याजोगी माणसं तोपर्यंत संपली होती. काहींचे दोनदा झाले होते. चक्कीला पंचवीस झाली की सव्वीस यावर एकमत नव्हतं. पण सव्वीस वर्षांचा महोत्सव कोणी ऐकला नव्हता, म्हणून पंचवीस. मंडळाचे सेक्रेटरी आमंत्रणपत्रिका घेऊन आले तेव्हा तिच्यावर यजमान म्हणून माझं नाव आधीच छापलेलं होतं. 'पवनदेवतेचे पूजन व दांडा-विमोचन' असा मजकूर होता. दांडा-विमोचन हा शब्द मी पूर्वी कधी पाहिला नव्हता, आणि तो चूक आहे असंही म्हणता येईना. मी नाही म्हणायला हवं होतं. पण छापलेल्या कार्डाला नाही कसं म्हणायचं हे मला कधीच जमलेलं नाही.

बेत असा होता. नऊ वाजता प्रमुख पाहुणे येणार. त्यांनी झेंडूच्या माळेला हात लावायचा. ती माळ मिस्त्री वर नेऊन चाकाला बांधणार आणि खाली येणार. मग पाहुणे दांड्याची रिबीन कापणार, दांडा वर उसळणार, माळेसकट चाक फिरू लागणार, टाळ्या. यात एक अडचण सेक्रेटरींच्या लक्षात आली: दांडा आकड्यात अडकलेला असला तर रिबीन कापून काहीच होत नाही. म्हणून त्यांनी आदल्या दिवशी आकडा बोल्टसकट काढून टाकला आणि दांडा सुतळीच्या चार वेढ्यांनी पायाला बांधला. वरून लाल सॅटिनची रिबीन.

"आकडो खंय?" मिस्त्रींनी सकाळी आल्या आल्या विचारलं.

"आहे, आहे. सुरक्षित आहे," सेक्रेटरी म्हणाले.

मिस्त्री सुतळीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "मास्तर, अकरांच्या आत माका खाली येवंक जाय. मागीर वारो परततलो."

"नऊला पाहुणे येणार आहेत. तुम्ही साडेनऊला खाली याल."

"तुमकां पटता तें?"

मला पटत नव्हतं. पाहुणे एका महामंडळाचे माजी उपाध्यक्ष होते. विद्यमान माणसं फार तर तासभर उशिरा येतात. माजी माणसांना जास्त वेळ लागतो. ते आले तेव्हा साडेअकरा होत आले होते. तोवर लोकांनी पातळभाजी आणि उंडे खाऊन संपवले होते, सड्यावरून मोपा विमानतळाची चार-पाच विमानं गेली होती, आणि ध्वनिक्षेपकाच्या टेम्पोवाल्याची झोप झाली होती.

मी मिस्त्रींना म्हणालो, माळ राहू दे, खालीच कुठेतरी बांधू. हे मी खरंच म्हणालो, पण हळू. सेक्रेटरी म्हणाले, "दहा मिनिटांचं काम, मास्तर." मिस्त्रींनी एकदा पश्चिमेकडच्या माडांच्या शेंड्यांकडे पाहिलं, सदरा काढला, माळ खांद्यावर टाकली आणि चढले. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, का कार्डावर छापलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांनाही जमत नव्हतं, हे मी नंतरही विचारलेलं नाही.

माळ बांधायला त्यांना चाकाच्या आऱ्यांतून हात घालावा लागला. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि वर बघत होतो. बाकी कोणी वर बघत नव्हतं. कार्यक्रमात माणसं समोर बघतात. समोर पाहुणे होते, तबकात कात्री होती आणि फोटोग्राफर गुडघ्यावर बसलेला होता. पाहुण्यांना एक वाजता दुसरीकडे पोचायचं होतं. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "आता मी मान्यवरांना विनंती करतो."

रिबीन पहिल्या फटक्यात तुटली. सुतळी तुटली नाही. लोक हसले. पाहुणे खेळकरपणे पुन्हा कात्री चालवू लागले. एक वेढा, दुसरा वेढा. मी उठलो, "थांबा" म्हणालो, आणि माझा आवाज टाळ्यांत बुडाला. पुढच्या रांगेच्या खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या होत्या, कारण गेल्या कार्यक्रमात दोन हरवल्या होत्या. मी त्या ओलांडल्या कशा हे मला आठवत नाही. चौथा वेढा तुटला, दांडा उसळला, आणि वीतभर वर आला तेवढ्यात मी त्याच्यावर पडलो.

वर चाक अर्धा फेरा फिरलं. माळ तुटून झेंडू आमच्यावर पडले. लोकांना ती पुष्पवृष्टी वाटली आणि टाळ्या पडल्या. मी पोटाखाली दांडा घेऊन वर बघितलं. मिस्त्रींचा हात बाहेर होता. तो बाहेर आहे हे मी नीट मोजून पाहिलं: हात दोन. मग ते फळीवर पालथे पडले आणि दिसेनासे झाले. फळी म्हणजे चाकाच्या खाली बसवलेला, दारापेक्षा थोडा लहान असा लाकडी पाट.

मी दांडा पार खाली दाबला आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. आकडा नव्हता. आता आकडा मीच होतो.

सेक्रेटरींनी पँटच्या खिशातून आकडा काढून दिला. बोल्टही दिला. नट काजूच्या पाल्यात कुठेतरी पडला होता. चार माणसं पाला चाळू लागली. कोणीतरी विहिरीवरची काथ्याची दोरी आणून दांडा बांधला आणि म्हणाला, "सोडा आतां मास्तर, घट्ट आसा." मी गाठीकडे पाहिलं. ज्या मंडळाने लोखंडी आकडा काढून सुतळी बांधली होती, त्याच मंडळाने मारलेली ती गाठ होती. मी सोडलं नाही.

आणि मग वारा पडला. पाच-सात मिनिटं पान हललं नाही. तेवढ्यात मिस्त्री उतरू शकले असते; पण हाताला खरचटलं होतं आणि ते अजून पालथेच होते, बहुधा श्वास घेत होते. पश्चिमेकडचे माड हलले. डोक्यावर लोखंड करकरलं. शेपटीसकट सगळं डोकं सावकाश, एखादा माणूस झोपेत कुशीवर वळतो तसं फिरलं, आणि चाक येऊन शिडीवर थांबलं.

थांबलं म्हणजे फिरायचं थांबलं. मिटलेलं चाकसुद्धा समुद्राच्या वाऱ्यात गप्प राहत नाही. ते इकडे तिकडे झुलतं. पाती शिडीला घासत होती. त्यांच्यामधून माणूस उतरणं शक्य नव्हतं.

मिस्त्रींचं डोकं फळीच्या कडेवर आलं. ते ओरडले. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे नव्हता, आडवा होता; त्याने शब्दाचं तोंड खाल्लं आणि शेपूट खाली पाठवलं.

"…ओड."

मी ओढला. दांडा आणखी खाली जात नव्हता, तरी ओढला.

"…ओड."

मी पाय मनोऱ्याच्या पायाला लावून ओढला. ते आणखी मोठ्याने ओरडले, मी आणखी जोरात ओढला. असं चार-पाच वेळा झालं. मग त्यांनी एक हात सुटा करून हवेत मारला. वरून खाली मारला की खालून वर, हे फळीच्या कडेमुळे दिसत नव्हतं. नुसता हात मारला, एवढं दिसलं.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं की ते 'सोड' म्हणत असतील.

विचार तसा वेडा नव्हता. दांडा सोडला तर चाक वाऱ्यासमोर, पश्चिमेला जाईल, आणि शिडी मोकळी होईल. पण जाताना ते फिरू लागेल, आणि उत्तरेपासून पश्चिमेपर्यंत फळीच्या कडेने फिरतच जाईल. मिस्त्री पालथे असतील तर ते त्यांच्यावरून निघून जाईल. उठून बसलेले असतील तर नाही. त्यांनी 'ओड' म्हटलं असेल आणि मी सोडला, तर मी माणूस मारला. 'सोड' म्हटलं असेल आणि मी ओढून धरला, तर मी माणूस उन्हात वाळत ठेवला. या दोन चुकांमधली लहान चूक कोणती, ते उघड होतं. मी ती धरून राहिलो.

सेक्रेटरींना माइक सुचला. टेम्पोचा, बॅटरीवर चालणारा कर्णा वर वळवून ते म्हणाले, "मिस्त्री, आपण ओड म्हणता आहात की सोड म्हणता आहात, कृपया स्पष्ट करावे."

वरून उत्तर आलं, "…ओड."

"ओड म्हणतात," सेक्रेटरींनी जाहीर केलं. लोकांचं समाधान झालं. माझं झालं नाही. पण माझ्याजवळही दुसरं काही नव्हतं.

दांडा धरून उभं राहण्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. दहा मिनिटांनी मनगटं बोलू लागली, वीस मिनिटांनी गप्प झाली, आणि ते जास्त वाईट होतं. आता हात धरताहेत की नाहीत हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. वाऱ्याचा प्रत्येक झोत तारेतून माझ्या खांद्यात येत होता. शेजारचे दोघे म्हणाले, "हाडा, आमी धरतांव." मी नाही म्हणालो. हात बदलताना एक क्षण असा येतो की दांडा कोणाचाच नसतो, असं मी त्यांना समजावून सांगितलं. खरं कारण मला तेव्हाच ठाऊक होतं. मला भीती वाटत होती की माझे हात उघडणारच नाहीत, आणि ते चारचौघांत दिसेल.

"मास्तर, हंय बघा," एक जण मोबाइल धरून म्हणाला, "मिस्त्रीपण फोटोत येता काय बघतंय."

"आला का?"

"पाय आयले."

प्रमुख पाहुण्यांना जायचं होतं, पण त्यांची गाडी टेम्पोच्या मागे अडकली होती आणि टेम्पो काढला तर कर्णा गेला असता. तेव्हा तेही अडकले. वेळ फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी भाषण उरकून घेतलं. ते म्हणाले की माणसाने वाऱ्यासारखं मुक्त असावं. माझ्यापासून सहा पावलांवर उभे राहून म्हणाले. मी त्यांच्या बुटांकडे बघत होतो, कारण मान वर करून माझी मान धरली होती. मध्येच वरून "…ओड" आलं. ते थांबले, हात जोडले आणि पुढे बोलले. त्यांना बहुधा ती दाद वाटली.

मनोऱ्याच्या पायाला अडकवलेल्या सदऱ्यात फोन वाजत होता. वाजून थांबे, पुन्हा वाजे. सेक्रेटरींनी तो काढला. मिस्त्रींच्या घरून होता. "वहिनी, घाबरण्यासारखं काही नाही, मिस्त्री वर आहेत," ते म्हणाले, आणि थोडं ऐकून, "नाही, म्हणजे चक्कीवर. तशा अर्थाने वर नाही."

त्यांची बायको पंधरा मिनिटांत पोचली. डोक्यावर छत्री, हातात काही नाही. तिने आधी वर बघितलं, मग माझ्याकडे. वाटेत ती काय काय समजून आली असेल याचा मी मघापासून विचार करत होतो, आणि तिने विचारलं तर काय सांगायचं याचाही. वाक्य तयार होत नव्हतं. सगळी वाक्यं 'मी त्यांना जाऊ दिलं' इथेच येऊन थांबत होती.

तिने विचारलं नाही. ती सदरा काढून घडी घालू लागली. बायका हातांना काहीतरी काम देतात तशी. घडी घालताना खिशात टणक लागलं. तिने रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली, आणि तिथंच उभी राहिली. रुमालात मिस्त्रींची कवळी होती. वरचे दात.

"दात हंयच आसत," ती म्हणाली.

"वर जाताना काढून ठेवतात," मी म्हणालो. ते मला माहीत होतं. मागे एकदा शिंक आली आणि कवळी वरून टाकीत पडली, तेव्हापासून ते ती सदऱ्यात ठेवतात. हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो.

"मगे ते सोड म्हणतत."

"कशावरून?"

"दात नसले की तांकां स येना. साकर मागतत ती हाकर. सोड म्हणतले ते होड. खाली हंय येयपर्यंत त्या ह-चें कितें उरतलें?"

मी दांडा सोडला नाही. तिचं बरोबर आहे हे मला कळलं होतं, म्हणजे डोक्याला कळलं होतं. पण दात नसलेला माणूस 'ओड'सुद्धा 'ओड'च म्हणणार. तिचं म्हणणं एवढंच सिद्ध करत होतं की तो शब्द दोन्ही असू शकतो, आणि ते मला तासभर माहीत होतं. मी तिला तसं सांगितलं. ती माझ्याकडे, शाळेतल्या माणसाकडे बघतात तसं, बघत राहिली.

मग ती पुढे झाली, छत्री मिटली, आणि वर तोंड करून तिच्या नेहमीच्या, शेजारच्या वाड्यात पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "सोडूं काय?"

"…ओड."

मग ती म्हणाली, "ओडूं काय?"

याला जे उत्तर आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते बरंच लांब होतं. त्यात एकही स नव्हता, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

पाहुण्यांनी रुमालाने तोंड पुसलं. ती माझ्याकडे वळली. "सोडा."

आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो की शब्द कळला नाही तर त्याचा विरुद्धार्थी शब्द बघा. पहिल्या 'ओड'पासून आतापर्यंत ते मला सुचलं नव्हतं.

"आधी त्यांना पालथं पडायला सांगा," मी म्हणालो.

"पालथे पडा," ती ओरडली. वर डोकं दिसेनासं झालं.

मी काथ्याची दोरी सोडवायला सांगितली. मंडळाची गाठ हात लागताच सुटली. मग मी हात उघडायचं ठरवलं, आणि ते उघडले नाहीत. बोटं दांड्याभोवती होती तशीच राहिली. मी त्यांना मनात सांगून पाहिलं. सगळे बघत होते. मिस्त्रींच्या बायकोने छत्री काखेत धरली आणि माझी बोटं एकेक करून उघडली, करंगळीपासून, आवळलेल्या मुठीतून चिंचोका काढावा तशी. तिने शेवटचा अंगठा काढला तेव्हा दांडा आमच्या दोघांच्या मधून वर गेला.

चक्कीचं डोकं वळलं. चाक फिरू लागलं आणि फिरत फिरत फळीच्या कडेने पश्चिमेला गेलं. जाईपर्यंत मी बघितलं नाही. ती बघत होती, म्हणून मी तिचं तोंड बघत होतो. त्यावर काही झालं नाही. मग तिने छत्री उघडली. शिडी मोकळी होती. मिस्त्री उतरत होते, पायांचा आवाज न करता, आणि त्यांच्या मागच्या बाजूला चाक पूर्ण वेगाने फिरत होतं. फोटोग्राफर पुन्हा गुडघ्यावर बसला. टाळ्या पडल्या.

सव्वा तास ते वर होते. समुद्राच्या वाऱ्याने त्यांना तिथं अडकवलं हे खरं. पण त्यातली पहिली पाच मिनिटं सोडली तर बाकी वेळ त्यांना तिथं मी धरून ठेवलं होतं, दोन्ही हातांनी.

कोपराला सोलवटलं होतं, ओठ उन्हाने फुटले होते. त्यांनी बायकोकडून सदरा घेतला, घातला, मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"होड म्हणतां, होड म्हणतां," ते म्हणाले, "आनी तुमी ओडतात."

"मला ओड ऐकू आलं."

"तुमी शाळेंत कितें शिकयताले?"

"मराठी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू आता सगळा उलगडा झाला. त्यांच्या बायकोने पुरचुंडी पुढे केली. बोलायचं बरंच बाकी होतं आणि ते त्यांना दातांनी बोलायचं होतं. पण कवळीला सदऱ्यातली धूळ लागली होती, म्हणून ती धुवायला ते विहिरीवरच्या नळाकडे गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागे गेलो. पाहुणेही आले, हार घातलेले. डोक्यावर चाक गरगरत होतं, पंचवीस वर्षांत फिरलं नसेल इतकं.

मिस्त्रींनी नळ सोडला. पाणी आलं नाही. विहिरीचा पंप चार वर्षांपूर्वी विजेच्या मोटरवर घेतला तेव्हापासून चक्की कशालाही जोडलेली नाही, आणि वीज अकरा वाजताच गेली होती.